वंगणाचा इतिहास : एंजिनाच्या ज्वराची चिकित्सा

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांच्याकडे आपले लक्ष प्रथम जाते. यंत्रांचा इतिहास सांगावयाचा झाला तरी आपण तीच रीत पाळतो. कोणी किती अश्वशक्तीचे एंजिन बांधले, कोणते विमान ताशी किती मैल गेले, कोणत्या मोटारीने कोणती शर्यत जिंकली, या विजयांच्या याद्या आपण हौसेने पाठ करतो. परंतु ही सारी अश्वशक्ती ज्या एका सामान्य पदार्थाच्या आधाराने उभी असते, त्या तेलाचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. आम्ही आज तोच विषय घेतला आहे. विषय रुक्ष वाटेल, हे आम्ही जाणतो. पण त्यात माणसांचे प्राण गुंतलेले होते आणि आजही गुंतलेले आहेत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे त्याचा रुक्षपणा बराच कमी होईल.

वेगवान विमानाच्या किंवा शर्यतीच्या मोटारीच्या चालकापुढे ज्या तबकड्या असत, त्यांपैकी दोन तेलाच्या असत. एक तेलाचा दाब दाखवी, दुसरी त्याचे उष्णतामान. पहिल्या तबकडीवरचा काटा खाली उतरू लागला आणि दुसरीवरचा वर चढू लागला, तर आत काय घडत आहे? आणि अशा वेळी करावे काय? प्रश्न एका ओळीचा आहे, परंतु त्याचे उत्तर मिळण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि ते कोणा एकाला सापडले नाही.

वंगणाची गरज माणसाला चाकाइतकीच जुनी. बैलगाडीच्या साटीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. आस करकरू लागला की गाडीवान गाडी थांबवी, चाक सैल करून वंगण घाली आणि पुढे जाई. ही सुद्धा एक चिकित्साच होती. करकर हे लक्षण, कोरडेपणा हे कारण आणि वंगण हे औषध. बैलाच्या गतीला एवढे ज्ञान पुरेसे होते. रेल्वे आली आणि ते अपुरे पडू लागले. डब्यांचा भार वाढला, गती वाढली, आस तापून लाल होऊ लागले. तेल घातले की घर्षण कमी होते हे सर्वांना ठाऊक होते. पण ते का कमी होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या अज्ञानावर पहिला घाव इंग्लंडात पडला. तेथील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाचा शोध घेण्यासाठी एक समिती नेमली आणि प्रयोगांचे काम बोशँप टॉवर या गृहस्थाकडे दिले. त्याचा पहिला अहवाल 1883 साली प्रसिद्ध झाला. टॉवरने चार इंच व्यासाचा आस घेतला, त्यावर अर्धगोल पितळी बेअरिंग बसवले आणि आसाचा खालचा भाग तेलात बुडता ठेवला. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी एक भोक पाडले. आस फिरू लागताच चमत्कार झाला. ज्या भोकातून तेल आत जावे अशी अपेक्षा होती, त्यातूनच ते उसळून बाहेर येऊ लागले. टॉवरने भोकात बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकून बाहेर पडली. मग त्याने तेथे दाबमापक लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचास 100 पौंड होता. मापकाची मर्यादा 200 पौंडांची होती आणि काटा ती ओलांडून गेला!

सामान्य माणूस येथे चिडला असता आणि त्याने भोक बुजवून टाकले असते. टॉवरने उलट निरनिराळ्या ठिकाणी दाब मोजण्याचा सपाटा लावला. 1885 सालच्या दुसऱ्या अहवालात त्याने हिशेब मांडला. बेअरिंगवर ठेवलेला भार 8008 पौंड, आणि तेलाच्या थरातील दाबाची बेरीज 7988 पौंड! म्हणजे धातूवर धातू टेकलेलाच नव्हता; सगळा भार तेलाच्या पातळ पडद्याने उचलून धरला होता. पुढच्याच वर्षी, 1886 साली, मँचेस्टरचे प्राध्यापक ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित सिद्ध केले. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढतो आणि निमुळत्या फटीत कोंबतो. तेलाला पळून जाण्यास वाव नसतो, म्हणून तेथे दाब उत्पन्न होतो आणि आस तरंगतो. हा दाब किती असावा हे गतीवर, फटीच्या आकारावर आणि तेलाच्या चिकटपणावर अवलंबून असते. चिकटपणा उष्णतेने झपाट्याने घटतो, हेही रेनॉल्ड्स यांनी ऑलिव्हचे तेल घेऊन मोजून दाखवले.

या शोधाचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या चिकित्सेचा पाया तो आहे. आस उचलण्याचे काम पंप करीत नाही. ते काम आस स्वतःच करतो. पंपाने फक्त तेल पुरवीत राहावयाचे. चालकापुढची तबकडी जो दाब दाखवते, तो या पुरवठ्याच्या वाटेवरचा दाब असतो. बेअरिंगच्या पोटातील दाब त्याच्या कितीतरी पट असतो आणि तो कोणत्याही तबकडीवर दिसत नाही. वैद्य मनगटावर नाडी पाहतो आणि त्यावरून हृदयाचा अंदाज बांधतो, तसाच हा प्रकार आहे. नाडीलाच हृदय समजणारा वैद्य जसा फसतो, तसा तबकडीलाच बेअरिंग समजणारा मिस्त्रीही फसतो.

दाबाने तेल पुरवण्याची पद्धत प्रथम वाफेच्या वेगवान एंजिनांत आली. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकॉम या कारखान्यातील आल्बर्ट पेन याने 1890 साली तिचे पेटंट घेतले. विमानांनी मात्र आरंभी निराळी वाट धरली. फ्रान्सच्या सेगँ बंधूंनी 1909 साली पुढे आणलेल्या नोम एंजिनात क्रँक विमानाला जखडलेला असे आणि सिलिंडरच गरगर फिरत. इंधनाची वाफ क्रँकच्या पेटीतूनच जाई, म्हणून पेट्रोलमध्ये विरघळणारे खनिज तेल तेथे चालत नसे. चालले ते एरंडेल! एकदा आत गेलेले तेल परत येत नसे. जळत, उडत, वैमानिकाच्या तोंडावर शिंतोडे मारीत ते बाहेर पडे. इंग्लंडातील वेकफील्ड यांच्या कंपनीने 1909 साली आपल्या नव्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, तेही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच. त्या काळी एरंडीच्या बियांचा जगातला मोठा पुरवठादार हिंदुस्थान होता आणि मुंबई बंदरातून त्या परदेशी जात. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ म्हणून आपण ज्याची थट्टा करतो, त्या झाडाने पहिल्या महायुद्धातील विमानांना असा हात दिला होता.

या जुन्या पद्धतीत तेलाच्या उष्णतेचा प्रश्नच फारसा नव्हता. जे तेल परत येतच नाही, ते तापले काय आणि न तापले काय! तेच तेल पुन्हा पुन्हा फिरवण्याची रीत रूढ झाली, तेव्हा तेलावर दुसरे एक काम येऊन पडले. बेअरिंगांची आणि पिस्टनांची उष्णता उचलून ती बाहेर नेऊन टाकणे, हे ते काम. आता तेल वंगणही झाले आणि भारवाहकही झाले. येथून दोन काट्यांची खरी कथा सुरू होते.

तिचा पहिला मोठा प्रसंग श्नायडर करंडकाच्या समुद्रविमानांच्या शर्यतीचा. 1929 साली रोल्स-रॉइस कारखान्याने 36.7 लिटरचे, बारा सिलिंडरांचे ‘आर’ एंजिन बांधले आणि त्यातून 1900 अश्वशक्ती काढली. 1931 साली तेच एंजिन 2300 अश्वशक्तीच्या पुढे नेण्यात आले. एवढ्या शक्तीबरोबर येणारी उष्णता टाकावयाची कोठे? बाहेर लोंबणारा थंडक बसवावा तर हवेचा अडथळा वाढून वेग जातो. सुपरमरीन कंपनीचा आरेखक आर. जे. मिचेल याने विमानाचे अंगच थंडक बनवले. पाण्याची उष्णता पंखांच्या आणि तरंडांच्या पत्र्यांतून जाई. तेल एंजिनातून निघून धडाच्या दोन्ही कुशींवरच्या चपट्या नळ्यांतून शेपटाकडे धावे, तेथे उभ्या पंखात वर चढे, आतल्या पत्र्यावरून ओघळत खाली येई आणि पोटाखालच्या नळ्यांतून पुन्हा एंजिनाकडे परते. शेपटाचा पंख हीच तेलाची टाकी! एवढे करूनही वैमानिकाला पूर्ण शक्ती वापरण्याची मोकळीक नव्हती. उष्णतामानाच्या काट्यावर नजर ठेवून हातातील दट्ट्या मागेपुढे करीतच त्याला उडावे लागे. 13 सप्टेंबर 1931 रोजी बूथमनने सात फेऱ्या पुऱ्या करून ताशी 340 मैलांच्या वेगाने करंडक कायमचा इंग्लंडला मिळवून दिला, आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेला स्टेनफोर्थने ताशी 407 मैलांचा विक्रम केला.

या प्रसंगातून चिकित्सेचा पहिला धडा मिळतो. तेल तापले म्हणजे एंजिन बिघडले, असे नाही. एंजिन निरोगी असते, वंगण उत्तम असते, आणि तरीही निर्माण होणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा अधिक असू शकते. येथे रोग बेअरिंगात नसून हिशेबात असतो. उपायही तेथेच, म्हणजे थंडकात किंवा हातातल्या दट्ट्यात. पण हा हिशेब फार काळ चुकू देता येत नाही. मोटारीत वापरतात त्या 40 क्रमांकाच्या साध्या तेलाचा चिकटपणा 40 अंश सेल्सिअसला जेवढा असतो, त्याच्या सुमारे एक दशांश 100 अंशांना उरतो. तेल पातळ झाले की फटीतून अधिक निसटते, दाब उतरतो, पडदा विरळ होतो, धातू धातूला शिवू लागतो, शिवला की आणखी उष्णता, आणि तेल आणखी पातळ. हे दुष्टचक्र एकदा पुरते फिरू लागले म्हणजे एंजिन मिनिटांत संपते. म्हणूनच दोन्ही काटे एकदम बिघडलेले दिसले, तर आधी कोणता हलला हे विचारणे अगत्याचे ठरते. उष्णता आधी चढली आणि दाब मागून उतरला, तर थंडकाकडे पाहावे. दाब आधी उतरला आणि उष्णता मागून चढली, तर पुरवठ्याकडे किंवा बेअरिंगाकडे.

दुसरा प्रसंग ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांमधील समुद्रावरचा आहे. चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ या वैमानिकाने 1928 साली ज्या ‘सदर्न क्रॉस’ विमानाने प्रशांत महासागर ओलांडला, तेच तीन एंजिनांचे विमान 15 मे 1935 रोजी टपाल घेऊन सिडनीजवळून न्यूझीलंडकडे निघाले. बरोबर पी. जी. टेलर हा सहवैमानिक आणि जॉन स्टॅनेज हा बिनतारी यंत्र चालवणारा. शेकडो मैल गेल्यावर मधल्या एंजिनाच्या धुराड्याचा तुकडा निखळला आणि उजव्या पंख्यावर आदळला. पंखा मोडला, उजवे एंजिन बंद करावे लागले. विमान परत फिरवले. सगळा भार उरलेल्या दोन एंजिनांवर आला, आणि थोड्याच वेळात डाव्या एंजिनाच्या तेलाचा दाब उतरू लागला.

आता येथे चिकित्सेवर तीन माणसांचे प्राण अवलंबून होते. खाली समुद्र, एकाच एंजिनावर विमान तरंगणार नाही. दाब का उतरतो आहे? बेअरिंग गेले असेल तर उपाय नाही. पण जोरात राबणारे ते एंजिन तेल खात होते आणि टाकी रिकामी होत आली होती. टाकीत तेल थोडे उरले की तेच तेल घाईने फिरते, निवण्यास त्याला उसंत मिळत नाही, आणि अखेर पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. रोग भुकेचा होता, आणि अन्न विमानावरच होते. बंद पडलेल्या उजव्या एंजिनाच्या टाकीत! टेलर वाऱ्याच्या झोतात विमानाबाहेर उतरला, आधाराच्या दांडीवरून उजव्या एंजिनापर्यंत गेला, आणि थर्मासच्या वेष्टनात तेल काढून त्याने ते आत दिले. स्टॅनेजने ते एका लहान पेटीत साठवले. मग टेलर तसाच डाव्या बाजूला बाहेर पडला. फिरत्या पंख्याचा झोत त्याला उडवून देऊ नये म्हणून किंग्सफर्ड स्मिथ आधी विमान उंच नेई, मग डावे एंजिन मंद करी, आणि विमान समुद्राकडे उतरत असता टेलर टाकीत तेल ओती. असे सहा वेळा झाले. प्रत्येक वेळी काटा वर आला. विमान सिडनीच्या मॅस्कॉट विमानतळावर सुखरूप उतरले. टेलरला या कामगिरीबद्दल शौर्यपदक मिळाले, आणि पुढे त्याच्या जागी जॉर्ज क्रॉस देण्यात आला. किंग्सफर्ड स्मिथचा शेवट मात्र त्याच वर्षी झाला. नोव्हेंबर 1935 मध्ये अलाहाबादहून सिंगापूरकडे दुसऱ्या विमानाने जात असता तो ब्रह्मदेशाच्या बाजूच्या समुद्रावर नाहीसा झाला.

टेलरच्या धाडसाची वर्णने पुष्कळ झाली आहेत आणि ती योग्यच आहेत. आम्हांला त्या धाडसाच्या मागे असलेले निदान तितकेच मोलाचे वाटते. काट्याने फक्त ‘दाब कमी’ एवढेच सांगितले होते. तो कशाने कमी झाला हे माणसांनी ओळखले, म्हणून त्या धाडसाला फळ आले.

तिसरा प्रसंग या दोहोंहून चमत्कारिक आहे, कारण त्यात टाकी भरलेली असूनही दाब जातो. 4 जून 1967 रोजी हॉलंडमधील झांडफोर्ट येथे जिम क्लार्कने एक नवे तीन लिटरचे एंजिन पहिल्याच शर्यतीत विजयी केले. ते कॉसवर्थ कंपनीचे ‘डीएफव्ही’. कीथ डकवर्थ हा त्याचा आरेखक. पुढे 1983 पर्यंत या एंजिनाने जागतिक अजिंक्यपदाच्या 155 शर्यती जिंकल्या. मिनिटाला 9000 फेरे घेणाऱ्या अशा एंजिनात क्रँक तेलाला रवीसारखा घुसळतो. घुसळलेल्या तेलात हवा मिसळून फेस होतो. फेस दाबला तर दबतो, म्हणून भार पेलत नाही. उष्णता नीट वाहून नेत नाही. आणि पंपाच्या पोटात जागा अडवून बसतो. शिवाय घुसळण्यात शक्ती खर्ची पडते, आणि ती शक्ती तेलातच उष्णता होऊन शिरते. म्हणजे एकाच कारणाने दाब उतरतो आणि उष्णता चढते.

साध्या मोटारीत तेल एंजिनाच्या तळाशी साठते. शर्यतीच्या मोटारीने जोराचे वळण घेतले की ते सगळे एका कुशीला धावते, पंपाची नळी उघडी पडते आणि काटा क्षणभर कोसळतो. यावर उपाय म्हणून तळ कोरडा ठेवून तेल वेगळ्या टाकीत साठवण्याची पद्धत आली. तळातले तेल उपसणारे पंप पुरवठ्याच्या पंपापेक्षा मोठे ठेवावे लागतात, कारण त्यांना तेलाबरोबर हवाही ओढावी लागते. डकवर्थला या उपसण्याच्या कामावर पुष्कळ परिश्रम घ्यावे लागले. तेल त्वरेने बाहेर काढणे, आणि चक्राकार फिरवून त्यातील हवा वेगळी करणे, या दोन गोष्टींनी त्या एंजिनाची शक्तीही वाढली आणि प्रकृतीही सुधारली. दाब कमी दिसतो म्हणून तेल वाढवावे, हा भाबडा उपाय येथे विषासारखा ठरतो. तळात तेल जास्त झाले की क्रँक ते अधिकच घुसळतो आणि रोग वाढतो. सदर्न क्रॉसला ज्याने जीवदान दिले, तेच औषध दुसऱ्या रोग्याला मारक होते.

तीन प्रसंग, तीन कारणे, आणि काट्यांची भाषा मात्र एकच. झिजलेले बेअरिंग हे चौथे कारण. फट थोडी रुंदावली तरी तेलाची गळती तिच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. दाबाची झडप उघडी अडकणे, गाळणी तुंबणे, तेलात पेट्रोल मिसळणे, ही आणखी कारणे. म्हणून जाणता यंत्रज्ञ ठरावीक क्रमाने प्रश्न विचारतो. काटा खरा बोलतो का, हे दुसरा मापक लावून आधी पाहतो. मग तेलाची पातळी पाहतो, कमी आणि जास्त दोन्ही. मग दाब केव्हा जातो ते विचारतो. वळणावर जातो की लांब सरळ रस्त्यावर, एंजिन गरम होऊन मंद चालत असता की पूर्ण वेगात? मग गाळणी कापून तिच्या घड्यांत धातूचा चुरा चमकतो का ते पाहतो. एंजिन उघडण्याची पाळी सर्वांत शेवटी येते.

आपल्याकडे शेतावरच्या एंजिनापासून मालमोटारीपर्यंत एक उपाय सर्रास आढळतो. दाब उतरला की जाड तेल ओतावयाचे. काटा वर येतो आणि मालकाचे समाधान होते. पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे. जाड तेल वाटेत अडते, म्हणून दाब चढलेला दिसतो; बेअरिंगपर्यंत ते कमी पोचते, घर्षण वाढवते आणि उष्णता कमी नेते. झिजलेल्या म्हाताऱ्या एंजिनाला त्याने चार दिवस मिळतील. पण निदान म्हणून त्याची किंमत शून्य आहे. ज्वर उतरवणारी पुडी देऊन रोग बरा झाला असे सांगण्यासारखे ते आहे.

आज शर्यतीच्या मोटारींत दाब आणि उष्णता सेकंदाला अनेक वेळा टिपून ठेवणारी यंत्रे असतात, आणि वळणावर झालेली क्षणाची घसरणही नंतर कागदावर पाहता येते. साधने बदलली, प्रश्न टॉवरचेच आहेत. बूच उडाले तेव्हा ते पुन्हा घट्ट ठोकण्याऐवजी ‘हे का उडाले?’ असे त्याने विचारले, आणि डोळ्यांना न दिसणारा तेलाचा पडदा जगाला दाखवून दिला. एंजिनांच्या इतिहासात शक्ती वाढवणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली जातात. लक्षणाजवळ न थांबता कारणापर्यंत जाणाऱ्या या माणसांची नावेही त्यांच्या शेजारी लिहिली जावीत, एवढेच आमचे मागणे आहे.